चारशे सतरा नंबरची वाटी

विधी विद्याशाखेच्या संशोधन-पत्रिकेत एकतीस वर्षं तळटिपा तपासल्यावर माणसाचं जे व्हायचं, तेच तळटीपकाकांचं झालं होतं. कोणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून आधी "कोण म्हणालं?" निघायचं आणि पाठोपाठ "कुठे?" जिन्यात शेजारी सांगायचे, उद्या पाणी येणार नाही. काका विचारायचे, "हे तुम्हाला कळलं कुठून?" शेजारी म्हणायचे, "खालच्या मजल्यावरून." काका म्हणायचे, "म्हणजे ऐकीव." आणि दुसऱ्या दिवशी नळ कोरडा निघाला की रिकामी बादली घेऊन त्याच शेजाऱ्यांच्या दारात उभे राहायचे.

हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. पत्रिकेच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून त्यांचं टेबल होतं. लेखातला वरचा मजकूर प्राध्यापकांचा, खालची बारीक अक्षरं काकांची, अशी वाटणी त्यांनी मनाशी करून टाकलेली होती. एका प्राध्यापकांनी मालकी हक्कावर मोठा लेख दिला. त्यात एका निकालाचा पृष्ठ क्रमांक नव्हता. काकांनी लेख अडवून ठेवला. प्राध्यापक विचारायला आले, "बाकी लेख कसा वाटला?" काका म्हणाले, "वरचं मी वाचत नाही." पृष्ठ क्रमांक सापडेपर्यंत प्राध्यापक निवृत्त झाले होते.

पुढे काकाही निवृत्त झाले. आधीच्या सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली होती, आणि भेटवस्तू आणणाऱ्या बाईंना घड्याळांचा कंटाळा आला होता. म्हणून काकांना जाड बुडाचं पातेलं मिळालं. झाकणावर विद्याशाखेचं बोधचिन्ह कोरलेलं. चहापलीकडे काकांनी आयुष्यात काही उकळलेलं नव्हतं. पण दिलेली वस्तू वापरली पाहिजे, या सरळ विचारानं त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यात वाटाण्याचं सूप केलं, आणि तिथून त्यांच्या मागे जे लागलं ते सुटलं नाही.

घोडं अडलं ते काकूंपाशी.

काकू त्याच विद्यापीठात, अन्नविज्ञान विभागात चव घेण्याचं काम करायच्या. हे सांगितलं की लोकांना हेवा वाटतो. तो फुकटचा असतो. सकाळी दहा वाजता बारा माणसं बारा खोपट्यांत बसतात. खोपट्यात लाल दिवा असतो, पदार्थाचा रंग कळू नये म्हणून. समोरच्या भिंतीत छोटी सरकती खिडकी असते. तीतून आकडा टाकलेली वाटी येते. शेजारी कोमट पाणी, बेचव बिस्किट आणि थुंकायला झाकणाचा पेला. घास तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कागदावरच्या रेघेवर खूण करायची. खारटपणा इथपर्यंत, दाणेदारपणा तिथपर्यंत, मागे राहणारा कडवटपणा एवढा. आधी तासभर चहा नाही, अत्तर नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की चांगलं, वाईट, छान, बरं यांतला एकही शब्द उच्चारायचा नाही. आवड ही तोंडातली घाण आहे, ती आधी चूळ भरून टाकावी, असं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. एकोणीस वर्षं काकू चौथ्या खोपट्यात बसत होत्या आणि त्यांची चूळ पक्की झाली होती.

त्यामुळे पहिल्या सूपचा पहिला चमचा तोंडात घेऊन त्यांनी डोळे मिटले, टेबलाच्या कडेवर बोट टेकवलं आणि ते डावीकडून उजवीकडे बरंच लांब नेलं.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"करपटपणा."

"आणि?"

बोट पुन्हा डावीकडे गेलं आणि जेमतेम वीतभर सरकलं. "दाटपणा."

"अगं, पण झालंय कसं?"

"सांगितलं की."

काका जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी सूप, तिसऱ्या दिवशी सूप. मधेमधे भाज्याही झाल्या, पण सूप हा त्यांचा मुख्य दावा आणि बाकीचे किरकोळ अर्ज. काकू जेवायच्या, बोट सरकवायच्या आणि ताट उचलायच्या. महिनोन् महिने करपटपणाचं बोट डावीकडे येत गेलं, दाटपणाचं मधोमध स्थिरावलं. मिठाचं बोट मात्र रोज वेगळीकडे जायचं, कारण मीठ काका शेवटी घालायचे आणि ढवळायचं विसरायचे. प्रगती दिसत होती. निकाल लागत नव्हता.

रविवारी काकूंचा धाकटा भाऊ जेवायला यायचा. तो कृषी विद्याशाखेच्या संशोधन-शेतावर वाटाण्याच्या नव्या जाती तयार करायचा. वाटाणे तोच आणून द्यायचा, त्यामुळे सूपमध्ये त्याचा हात होता असं तो मानायचा. तो चमच्यात एकच दाणा घेऊन उजेडाकडे धरायचा.

"साल सुटली नाही बघा, भाऊजी. ही जात टिकणार."

"चवीचं बोल."

"चव माझ्या खात्यात येत नाही. एका रोपाला शेंगा किती लागतात ते विचारा."

समोर लेक बसलेली. ती मानव्य विद्याशाखेत पीएचडी करत होती आणि माणसं जेवताना एकमेकांशी काय बोलतात हा तिचा विषय होता. घरी जेवताना ती मीठदाणीला फोन टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवायची.

"बाबा, आत्ता 'चवीचं बोल' म्हणालात ते जरा पुन्हा म्हणता का? मामाचा चमचा वाजला."

"मी साक्ष फिरवत नाही," काका म्हणाले.

"ताई नावं ठेवत नाही ना? मग झालं तर," मेहुणा म्हणाला. "न बोलणं म्हणजे संमतीच."

"कोण म्हणालं? न बोलणं म्हणजे न बोलणं. यावर एकतीस वर्षांत सतरा लेख येऊन गेलेत माझ्या हातून."

"वरचं वाचलं होतंत?" काकूंनी विचारलं. लेकीनं फोन जरा पुढे सरकवला.

मग काकांनी एकदाचं ते विचारलंच. चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "मला मोजमाप नको. हे सूप चांगलं झालंय का, एवढं बायको म्हणून सांग."

काकू पाणी प्यायल्या. "बायको म्हणून सांगितलं तर ते पक्षपाती. तुम्हीच मानणार नाही. चव घेणाऱ्या पॅनेलवरची म्हणून मला आवडनिवड सांगता येत नाही. दोन्ही दारं बंद आहेत, मी काय करू?"

काकांना युक्तिवाद बिनतोड वाटला, आणि तेच जास्त झोंबलं. कारण तो त्यांचाच होता. ज्याचा निकालाशी संबंध आहे त्यानं निकाल द्यायला बसू नये, हे तत्त्व या घरात त्यांनीच आणलेलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाहेरच्या खोलीला पडदा घ्यायचा होता. निळा की करडा, असं काकूंनी विचारलं. दुकानदार शाळेत काकांच्याच वर्गातला निघाला म्हणून काकांनी मत द्यायला नकार दिला. काकूंनीही मग हट्टानं निवडला नाही. वर्षभर खिडकी उघडी राहिली आणि समोरच्या इमारतीला यांच्याकडे काय शिजतं हे पाठ झालं.

तोडगा लेकीच्या तोंडून, तिच्याही नकळत निघाला. त्या वर्षी चार विद्याशाखांनी मिळून वाटाण्यावर एक मोठा प्रकल्प घेतला होता. कृषीवाल्यांनी पिकवायचं, अन्नवाल्यांनी शिजवून मोजायचं, विधीवाल्यांनी पाकिटावर 'सूप' हा शब्द कधी छापता येतो ते ठरवायचं आणि मानव्यवाल्यांनी लोक त्याला काय म्हणतात ते ऐकायचं. पहिल्या बैठकीत वाटाणा बाजूला राहिला आणि भांडण कागदावरून झालं. मानव्यवाले म्हणाले, चव घेणाऱ्यांना शेवटी एक साधा प्रश्न विचारा, हे तुम्ही घरी पुन्हा खाल का? अन्नवाल्यांना हे ऐकून घाम फुटला. एवढी वर्षं चुळा भरून घेतलेल्या माणसांना आवड विचारायची, म्हणजे तराजूला भूक लागली का विचारण्यासारखं. विधीवाल्यांनी दोन्ही बाजू ऐकून मध्यममार्ग काढला. रोज सुरुवातीला तोंड तयार व्हावं म्हणून एक सरावाची वाटी देतात, तिचे गुण मोजणीत धरत नाहीत. तेवढ्याच वाटीच्या कागदावर तळाशी दोन चौकोन छापायचे, 'हो' आणि 'नाही'.

"आईला ते चौकोन डोळ्यांसमोर नकोत," लेक जेवताना हसत म्हणाली. "पण भरावे लागतात."

काकांनी चमचा तोंडातच ठेवला. काकूंना सक्तीनं उत्तर द्यावं लागेल आणि सूप कोणाचं हे त्यांना ठाऊक नसेल, अशी एक जागा या जगात होती तर.

दुसऱ्या दिवशी ते अन्नविज्ञानच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तंत्रज्ञाला सगळे मापाडी म्हणायचे. डब्यातून आणलेलं घरचं जेवणही तो आधी वजन करून मग खायचा. काका आणि तो दुपारी एकाच कट्ट्यावर बसत आले होते.

"नाही," मापाडी म्हणाला.

"मी अजून काही बोललो नाही."

"तुम्ही पातेलं घेऊन आलात."

काकांनी बाजू मांडली. सरावाची वाटी मोजणीत नाही, म्हणजे संशोधनाला धक्का नाही. वाटाणे प्रकल्पाच्याच शेतावरचे. फसवणूक म्हणाल, तर वाटी कोणी शिजवली हे कोणालाच कधी सांगत नाहीत.

"घरचं शिजवलेलं आत येत नाही," मापाडी म्हणाला. "इथेच शिजवावं लागेल. माझ्यासमोर. माझ्या तराजूवर."

"कबूल."

"टोपी घालावी लागेल. मिशीला मास्क."

"कबूल म्हटलं ना."

"आणि विभागप्रमुखांना विचारावं लागेल."

विभागप्रमुख बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सरावाला रोज कोणीतरी काहीतरी शिजवतंच, पातेलं धुऊन द्या म्हणजे झालं. काकूंना हे सांगायचं नाही, एवढं मात्र काका आणि मापाडीनं पक्कं केलं. निघताना मापाडी म्हणाला, "काका, 'नाही'वर खूण आली तर?"

"तर निकाल लागला असं होईल."

"आणि मग?"

काकांनी याचा विचार केलेला नव्हता. घरी येईपर्यंत त्यांनी तो केला आणि रात्री जेवण अर्धंच गेलं.

ठरलेल्या सकाळी ते काकूंच्या आधी घराबाहेर पडले. "बँकेत जातोय," असं सांगितलं. पुरावा म्हणून पासबुक हातात घेतलं.

प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात कागदी टोपी आणि मास्क लावून ते उभे राहिले तेव्हा फक्त चष्मा दिसत होता. मापाडीनं वाटाणे मोजले. पाणी मोजलं. कांदा मोजला, चिरल्यावर पुन्हा मोजला. काका घरी मूठ धरून घालायचे. इथे मूठ सोडली की मापाडी तीतले चार दाणे काढून घ्यायचा. आच थर्मामीटर बघून. ढवळणं घड्याळ बघून. मीठ काट्यावर मोजून सुरुवातीलाच पाण्यात विरघळवलेलं. सूप झालं. करपलं नव्हतं, फुटलं नव्हतं, रंग एकसारखा.

काकांनी चमचाभर चाखलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" मापाडीनं विचारलं. "एक नंबर झालंय."

"झालंय. पण हे माझं नाही."

"तुम्हीच तर ढवळलंत."

"ढवळलं मी. केलं तुझ्या काट्यानं."

काकांपुढे पेच पडला. हे सूप पाठवलं तर 'हो' येण्याची शक्यता दांडगी. पण तो 'हो' कोणाला? दुसऱ्याचं वाक्य आपल्या नावावर घालणाऱ्यांना त्यांनी एकतीस वर्षं लाल शाईनं बडवलं होतं. मापाडी वाट्यांवर आकडे चिकटवायला वळला. काकांनी मास्क सारखा केला, मिठाच्या डब्यात दोन बोटं घातली, चिमूट पातेल्यात सोडली आणि सवयीप्रमाणे ढवळलं नाही.

बारा वाट्या भरल्या गेल्या. सगळ्यांवर एकच आकडा, चारशे सतरा. मापाडीनं सरकत्या खिडक्या एकेक करून उघडल्या. स्वयंपाकघराच्या बाजूनं चव घेणाऱ्यांचे फक्त हात दिसतात. चौथ्या खिडकीतून आलेल्या मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं होतं. हातानं वाटी उचलली आणि खिडकी बंद झाली.

काका नळापाशी उभे राहिले. पलीकडे चमचे वाजत होते. कोणीतरी खाकरलं. थुंकण्याचे बारीक आवाज आले आणि प्रत्येक आवाजाला काका बंद नळ आणखी घट्ट करत राहिले.

"तसंच असतं," मापाडी कुजबुजला. "पक्वान्न दिलं तरी थुंकतात."

कागद येऊ लागले. पहिल्या खिडकीतून 'हो'. दुसरीतून 'हो', तिसरीतून 'नाही'. पाचवीतून 'हो', आणि समासात 'मीठ एका बाजूला?' अशी शंका. मापाडीनं काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. बाकीच्या खिडक्यांतून काही 'हो' आले, काही 'नाही'. चौथी सगळ्यात शेवटी उघडली.

कागदावरच्या एकाही रेघेवर खूण नव्हती. दोन्ही चौकोन कोरे. खाली काकूंच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'नमुना ओळखला. शिजवणाऱ्याशी संबंध आहे. मत देता येत नाही.'

काकांनी ते दोनदा वाचलं. तळाचं असल्यामुळे तेवढं ते वाचायचेच.

"बिनचूक," ते म्हणाले. मास्कच्या आत मिशी हलली, पण ते हसू होतं की काय हे मापाडीला कळलं नाही. "नियमाप्रमाणे आहे. तक्रारीला जागा नाही."

त्यांनी टोपी काढली. निकाल लागायचा तो लागला नव्हता आणि आता कधी लागणारही नव्हता, कारण याच्यावर दुसरं न्यायालय नव्हतं. ते पातेलं घासायला घेणार, एवढ्यात चौथी खिडकी पुन्हा सरकली. हातानं वाटी आणि झाकणाचा पेला बाहेर ठेवला आणि खिडकी लागली.

मापाडीनं सवयीनं दोन्ही उचलून काट्यावर ठेवलं. मग पेल्याचं झाकण उघडलं. मग वाटी उजेडाकडे धरली.

"काका."

"काय?"

"पेला कोरडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कोरडा. आणि वाटी रिकामी. चमच्यानं निपटून काढलीय." त्यानं वाटी उलटी केली, थेंब पडला नाही. "एकोणीस वर्षांत या बाईंनी माझ्यासमोर एक घोट गिळलेला नाही. मध दिला होता एकदा, तोसुद्धा थुंकल्या."

काकांनी हात पुसले आणि वाटी हातात घेतली. बराच वेळ धरली. मापाडीला ती धुवायची होती, पण त्यानं आधी बाकीच्या अकरा धुवायला घेतल्या.

दुपारी काकू घरी आल्या तेव्हा टेबल मांडलेलं होतं. दोघं जेवायला बसले. लेक होती, मीठदाणीला टेकलेला फोन होता.

"बँकेत गर्दी होती?" काकूंनी विचारलं.

"होती थोडी."

"टोपीची खूण आहे कपाळावर."

काकांनी कपाळ चोळलं. "ओळखलंस कशावरून?"

"पहिला चमचा बेताचा आणि तिसरा खारट. असं सूप या गावात एकच माणूस करतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ओळखलं नसतं तर उत्तर दिलं असतं. बाकी सगळं मोजून घातलेलं होतं. ती चिमूट कशाला टाकलीत?"

"नाहीतर ते माझं झालं नसतं."

काकूंनी तुकडा तोंडात घातला. मग म्हणाल्या, "पडद्याच्या वेळचं आठवतंय ना? फिटंफाट झाली."

"मत दिलं नाहीस ते ठीक," काका म्हणाले. "संपवलंस का?"

"पेल्याचं झाकण निघत नव्हतं."

लेकीनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. आता "कोण म्हणालं?" येणार म्हणून ती थांबली. मापाडीनं तेच झाकण काकांच्या डोळ्यांसमोर एका बोटानं उघडलं होतं. साक्षीदार हाताशी होता, फोन करायचाच काय तो अवकाश.

"असेल," काका म्हणाले. "जुने पेले आहेत."

लेकीचा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. तळटिपा तपासायला अर्थातच घरचा माणूस होता. काकांनी तीनशे पानांना लाल शाई लावली, मामाच्या एका वाक्याचा दिनांक दुरुस्त केला. वरचं वाचलं नाही. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एक टीप होती: 'सरावाच्या नमुन्याच्या वेळी एका अनुभवी परीक्षकानं मत नोंदवण्यास नकार दिला, मात्र नमुना पूर्ण खाल्ला. पेल्याचं झाकण निघत नव्हतं, असं परीक्षकाचं म्हणणं.' संदर्भ नाही. पृष्ठ क्रमांक नाही. दुजोरा नाही. अशा टिपेपायी काकांनी प्राध्यापक निवृत्त होऊ दिले होते.

काकू मागून डोकावल्या. "याला आधार काय, म्हणून विचारणार नाही तुम्ही?"

काकांनी टिपेसमोर बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

"मीठ घातलंत का आज?" काकूंनी विचारलं.

"शेवटी घालतो."

"हं," म्हणून काकूंनी वाट्या मांडल्या. काकांच्या पुढ्यात एक ठेवली आणि स्वतःच्या पुढ्यात मोठी घेतली.